खारजमीन राखायची तर बांध सगळ्यांनी राखावा



ठाण्याहून बेलापूरकडे जाताना घणसोलीच्या अलीकडे तळवली नाका लागतो. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळी समाजाची जुनी गावे, अशी या भागाची ठेवण आहे. डोंगराच्या पायथ्याला वरकस जमीन, मधे गोड्या पाण्याची भातखाचरे, त्याखाली खाऱ्या बांधाच्या आतली खारजमीन, काही ठिकाणी मिठागरे आणि शेवटी खाडी. एकाच घरातील माणसे पावसाळ्यात भात लावत, दिवाळीनंतर मिठागरावर जात आणि जमेल तेव्हा खाडीत जाळे टाकत. एक धंदा बसला तर दुसरा हात देत असे.

आज तळवलीच्या चहूबाजूंना इमारती, कारखाने आणि उड्डाणपूल आहेत. भातशेती जवळजवळ उरलेली नाही. तरीही खारजमिनीचा पाठ विद्यार्थ्यांना शिकवताना मी सुरुवात तळवलीपासून करतो. मागे एकदा विद्यार्थ्यांना तिथे नेले असता एका वृद्ध शेतकऱ्याने रस्त्याकडेचे एक गटार दाखवून सांगितले, "इथे आमची उघाडी होती." एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शेतच राहिले नाही तर इथे शिकायचे काय?" त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग आणि त्याखालच्या किनाऱ्यावर ज्यांची खारजमीन अजून हातात आहे, त्यांच्यासाठी हे उत्तर कामाचे आहे.

तळवलीचा बांध समुद्राने तोडलेला नाही. १९६० च्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले व गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शेतीच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. जमीन जाणार हे कळल्यावर बांधाकडे कोण पाहणार? आणि बांधाकडे पाहणारे हात सुटले की खारजमीन फार काळ शेतजमीन राहत नाही. जिथे संपादन नाही, तिथेही हीच गोष्ट घडू शकते व काही गावांत घडत आहे. म्हणून खारजमिनीत पीक घेण्याचे तंत्र आणि बांध राखण्याची रीत या दोन्हींचा विचार एकत्र केला पाहिजे.

मिठाचा हिशेब

कोकण किनाऱ्यावर सुमारे ६५ हजार हेक्टर खारजमीन आहे. या जमिनीचा शत्रू मीठ हे सर्वांना माहीत आहे, पण ते किती येते याचा हिशेब फार थोडे जण करतात. तो एकदा करून पाहावा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस खाडीचे पाणीही समुद्राच्या पाण्याइतके खारे होऊ लागते. समजा, मे महिन्याच्या उधाणाला बांध फुटला आणि आपल्या एका गुंठ्यात १० सेंटिमीटर पाणी चढून बसले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा हे पाणी भरते सुमारे १० हजार लिटर आणि त्यातले क्षार होतात सुमारे ३५० किलो. म्हणजे ५० किलोच्या सात गोण्या मीठ एका गुंठ्यात! एकरी हिशेब केला तर हा आकडा १४ टनांवर जातो. हे पाणी ओहोटीला पूर्ण निघून गेले तर बरेचसे मीठ बाहेर जाते. ते तिथेच बसून उन्हाने आटले तर सगळे मीठ जमिनीत राहते.

आता दुसरी बाजू पाहू. ठाणे-रायगड भागात जून ते सप्टेंबरमध्ये अडीच हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. एका गुंठ्यावर हा पाऊस सुमारे अडीच लाख लिटर भरतो. चढलेल्या खाऱ्या पाण्याच्या पंचवीसपट गोडे पाणी निसर्ग आपल्याला फुकट देतो. जमीन धुण्यास ते पुरेसे आहे. मात्र दोन गोष्टी हव्यात. पावसाचे पाणी शेतात थांबले पाहिजे आणि खारट झालेले पाणी वेळेवर बाहेर पडले पाहिजे. पहिले काम बांध करतो, दुसरे काम उघाडी करते.

जमिनीतील क्षारांचे प्रमाण विद्युत वाहकतेवरून ठरवितात. संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास ती जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पादन साधारण ३ च्या पुढे घटू लागते व त्यापुढे प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्के घट येते. भात उगवताना खारेपणा बऱ्यापैकी सोसतो. पण रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळा तो फार नाजूक असतो. पहिल्या वेळी रोपे करपतात, दुसऱ्या वेळी पळींज वाढते. म्हणून लावणीपूर्वी मीठ धुऊन काढणे आणि सप्टेंबरच्या उधाणात खारे पाणी आत येऊ न देणे या दोन गोष्टींवर सारा हंगाम अवलंबून असतो.

बांध व उघाडी

खाडीकडचा मुख्य बांध सर्वांत मोठ्या उधाणाच्या भरतीपेक्षा उंच असावा. लाटांचा मार, बांध खचणे आणि मातीची झीज धरून वर आणखी उंची ठेवावी. खाडीकडची बाजू जास्त उताराची न ठेवता पसरट ठेवावी व पायथ्याला दगडी पिचिंग असल्यास उत्तम. माती टाकताना एकदम ढीग न लावता वीतभर जाडीचे थर द्यावेत व प्रत्येक थर चोपून घ्यावा. बांधासाठीची माती पायथ्यालगत खणू नये. तिथला खड्डाच पुढे बांध खचण्याचे कारण होतो.

बांध फुटण्याचे मूळ पुष्कळदा खेकड्याच्या बिळात असते. भरतीचे पाणी बिळातून आत झिरपते, मातीचे कण वाहून नेते आणि बोटभर भोकाचे दोन-तीन उधाणांत भगदाड होते. म्हणून प्रत्येक उधाणानंतर बांधाच्या आतील बाजूने फिरून ओल, झिरपा व बिळे पाहावीत. बीळ वरून बुजवून चालत नाही. ते शेवटपर्यंत खणावे आणि चिकणमातीने ठासून भरावे.

उघाडी म्हणजे बांधातील पाण्याची वाट. तिला खाडीच्या बाजूस झडप असते. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप बंद होते व ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते. झडपेत ओंडका, प्लॅस्टिक किंवा गाळ अडकला की ती अर्धवट उघडी राहते आणि भरतीचे पाणी कोणाच्याही नकळत आत येते. मासे धरण्यासाठी झडप मुद्दाम उघडी ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. चार टोपल्या कोलंबीसाठी साऱ्या खारीचे पीक धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

बांधाबाहेरील तिवरांना व कांदळांना हात लावू नये. लाटांचा जोर ती आपल्या अंगावर घेतात. जिथे बाहेरची तिवरे तोडली गेली, तिथे बांधाची झीज लवकर होते. कांदळवन आणि शेती यांचे वैर नाही. तिवर बांधाबाहेर आणि भात बांधाआत, एवढी मर्यादा पाळली गेली पाहिजे.

पश्चिम आफ्रिकेतील भातशेतकरी

खाऱ्या खाडीकाठी बांध घालून भात पिकविणारे आपण एकटेच नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सेनेगलचा दक्षिण भाग, गाम्बिया, गिनी-बिसाऊ, गिनी आणि सिएरा लिओन येथे ही शेती शेकडो वर्षांपासून चालते. १५९४ साली आल्मादा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्याने तिथल्या बांधबंदिस्तीच्या भातशेतीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथे भाताची एक स्वतंत्र जातही आहे. आपला भात आशियाई, त्यांचा मूळचा भात आफ्रिकी. नायजर नदीच्या खोऱ्यात तो फार प्राचीन काळी माणसाळविला गेला.

गिनी-बिसाऊतील बलांता आणि सेनेगलमधील जोला शेतकऱ्यांची पद्धत वाचली की खारेपाटातल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. लांब दांड्याच्या, लोखंडी धार लावलेल्या लाकडी फावड्याने ते चिखल उचलून बांध घालतात. पोकळ केलेल्या ताडाच्या खोडाची नळी बांधात पुरून तिला बोळा लावतात. ही त्यांची उघाडी. नव्या जमिनीवर काही वर्षे पाऊस पडू देऊन मीठ धुऊन काढतात आणि मगच भात लावतात. बांधाचे काम गावातील एकाच वयाच्या तरुणांचे गट मिळून करतात. एकट्या घराने ते काम होत नाही, हे तिथेही सर्वांना मान्य आहे.

या शेतीवर गेल्या साठ वर्षांत तीन आघात झाले. गिनी-बिसाऊत १९६३ ते १९७४ या काळात स्वातंत्र्ययुद्ध चालले. त्यात बॉम्बहल्ल्यांनी आणि दुरुस्तीअभावी अनेक बांध मोडले. १९७० नंतरच्या दुष्काळात पाऊस कमी पडल्याने मीठ धुतले जाईना. आणि तरुण मुले कामासाठी डाकार, बिसाऊसारख्या शहरांकडे गेल्याने फावडे चालविणारे हात कमी झाले. पुष्कळांनी भात सोडून माळावर काजू लावला. काजू विकून तांदूळ विकत घ्यायचा, असा व्यवहार सुरू झाला. तिथली कच्ची काजू बी मोठ्या प्रमाणावर भारतात व व्हिएतनाममध्ये येते. भाव चांगला असतो त्या वर्षी हा व्यवहार बरा वाटतो. भाव पडतो त्या वर्षी त्याच बियांना निम्मा तांदूळ मिळतो आणि घरात उपासमार होते. ज्यांनी आपला बांध राखला, त्यांच्या कणगीत निदान भात तरी असतो.

दक्षिण सेनेगलमधील आणखी एक अनुभव आपल्याला उपयोगी आहे. खारे पाणी अडविण्यासाठी तिथे १९८० च्या दशकात काही खाड्यांवर मोठे बंधारे बांधले गेले. पण कांदळवनाखालच्या काही मातींत गंधकाची संयुगे असतात. अशी माती पाण्याखाली असते तोवर निरुपद्रवी राहते. ती पूर्ण कोरडी पडून हवा लागली की गंधकाम्ल तयार होते व जमीन आम्लधर्मी बनून नापीक होते. बंधाऱ्यांमागे काही जमिनींचे असेच झाले. तात्पर्य असे की, पाणी अडविणे हे अर्धेच काम आहे. पाणी केव्हा ठेवायचे व केव्हा सोडायचे हे रोज पाहणारा माणूस नसेल तर मोठा खर्चही वाया जातो.

आपली जुनी रीत

आपल्याकडेही बांध हे सामाईक काम मानले जात होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या १८८२-८३ च्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींची माहिती आहे. समुद्र हटवून केलेल्या या जमिनींचा हक्क बाहेरचा बांध राखण्याशी जोडलेला होता. बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून बिघ्यामागे धान्य घेतले जाई. म्हणजे खारीत ज्याचे पीक, त्याचा बांधात वाटा, हा नियम जुना आहे.

पुढे मुंबई राज्यात १९४८ साली आणि महाराष्ट्रात १९७९ साली खारजमिनींच्या विकासासाठी कायदे झाले. शासनाच्या खारभूमी विकास यंत्रणेकडे अनेक बांधांचे काम आले. त्यामुळे मोठी, खर्चिक बंदिस्ती शक्य झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर "बांध सरकारचा, शेत माझे" ही समजूतही रुजली. मंजुरी, अंदाजपत्रक व निविदा यांना वेळ लागतो. भरती मात्र दिवसातून दोनदा येते. लहान भोक पडले त्याच दिवशी बुजविणारा माणूस गावातलाच हवा.

खांड पडल्यास काय करावे

बांधाला खांड पडल्यास पुढीलप्रमाणे काम करावे.

१. प्रथम खांडीची दोन्ही टोके लाकडी मेढी व मातीच्या गोण्यांनी पक्की करावीत. नाहीतर प्रत्येक ओहोटीला खांड रुंद होत जाते.

२. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असतो व भरती कमी चढते. खांड मिटविण्याचे मुख्य काम भांगाच्या दिवसांत, ओहोटीला सुरू करून पुढची भरती चढण्याच्या आत उरकावे. माणसे, गोण्या आणि माती आधीच जमवून ठेवावी.

३. मेढींच्या दोन रांगा ठोकून मधे चिकणमातीच्या गोण्या व माती थराथराने चोपून भरावी. वाळू किंवा मुरूम एकटा वापरू नये, त्यातून पाणी झिरपते.

४. आत साठलेले खारे पाणी प्रत्येक ओहोटीला उघाडीतून सोडावे. ते उन्हाने आटू देऊ नये.

५. तलाठी, ग्रामपंचायत व खारभूमी कार्यालयास त्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. आपला बांध शासकीय योजनेत आहे की खाजगी, हे आधीच विचारून ठेवावे.

खांड लगेच मिटविण्यामागे आणखी एक मोठे कारण आहे. शेतात भरतीचे पाणी नियमित येऊ लागले की त्याबरोबर तिवरांचे बी येते व काही वर्षांत शेतात झाडी उभी राहते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने आणि २०१८ साली अंतिम निकालाने राज्यातील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आहे. खाडीच्या आरोग्यासाठी हे संरक्षण आवश्यकच आहे. पण याचा अर्थ असा की, आळसाने किंवा भांडणाने दोन-चार पावसाळे खांड उघडी राहिली, तर सातबारावर आपले नाव असूनही ती जमीन पुन्हा नांगराखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. अशी पडीक जमीन मग दलालाला स्वस्तात विकली जाते. विकणारा म्हणतो, "नापीकच होती." ती नापीक नव्हती, तिचा बांध फुटका होता.

पिकाची काळजी

उन्हाळी नांगरट : भात कापल्यावर जमिनीत ओल असतानाच नांगरट करावी. जमीन न नांगरता पडू दिली तर खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, हवेत उडून जाते व मीठ पृष्ठभागावर पांढरे फुलते. नांगरटीने ही वाट तुटते. शक्य असल्यास पेंढ्याचे आच्छादन करावे.

मीठ धुणे : पहिल्या चांगल्या पावसाचे पाणी बांदिस्त खाचरात साठवावे, चिखलणी करावी, पाणी दोन-तीन दिवस ठेवून ओहोटीला सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा केल्यावर लावणी करावी. पहिल्याच पाण्यात घाईने लावणी केल्यास रोपे जळतात.

वाणांची निवड : खारेपाटात पूर्वीपासून लाल तांदळाचे राता भात पिकते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षार सोसणारे वाण दिले आहेत. भुरा राता या स्थानिक भातातून निवडलेला वाण आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून यांतील सुरुवातीचे वाण तयार झाले. म्हणजे आजोबांच्या भातातला कणखरपणाच नव्या वाणात आला आहे. ज्यांच्याकडे राता भाताचे शुद्ध बियाणे आहे त्यांनी ते थोड्या क्षेत्रावर जरूर राखावे.

बियाणे व रोपे : दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे. तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत. तळाचे दाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. रोपवाटिका वरकस किंवा गोड्या जमिनीत गादीवाफ्यावर करावी. खाऱ्या जमिनीत फार कोवळी रोपे लावू नयेत. २५ ते ३० दिवसांची रोपे, एका चुडात तीन-चार, अशी लावावीत. ज्या खारीत लावणी शक्य नाही तिथे मोड आलेले बियाणे चिखलणीनंतर फेकून पेरण्याची रहू पद्धत आहे. पण ती मीठ धुऊन झाल्यावरच वापरावी.

खते : माती तपासून खताची मात्रा ठरवावी. खारजमिनीत नत्र हवेत उडून व पाण्याबरोबर वाहून वाया जाते. म्हणून नत्र एकदम न देता लावणीच्या वेळी ४० टक्के, फुटवे येताना ४० टक्के व पोटरीच्या सुमारास २० टक्के द्यावे. युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध एक याप्रमाणे खोल खोचल्यास नत्राची बचत होते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी गाडावा. धैंचा हे हिरवळीचे पीक क्षार बऱ्यापैकी सोसते.

भाताला जोड

नुसत्या एका पिकावर घर चालत नाही, हे खरे आहे. तळवलीसारख्या गावांचे जुने सामर्थ्य शेत, मिठागर व खाडी या तिन्हींत होते. खाडी कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्याने बिघडत गेली तशी मासळी घटली आणि हा एक आधार कमी झाला. आज जिथे जमीन हातात आहे तिथे नव्याने जोड बसवावी लागेल.

शेताच्या सखल कोपऱ्यात शेततळे काढून पावसाचे गोडे पाणी साठवावे. निघालेली माती बांध व खाचर उंच करण्यास वापरावी. अशा तळ्यात मासे वाढविता येतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरच्या तळ्यात जिताडा वाढविण्याची चाल जुनी आहे व त्यास बाजारात भावही चांगला मिळतो. तळ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात थोडा भाजीपाला घ्यावा. बीट व पालक यांसारखी पिके क्षार बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, गाजर व कांदा ही पिके क्षारांना नाजूक असल्याने ती गोड्या जमिनीतच घ्यावीत. पाणी खारट होऊ लागले की सिंचन थांबवावे. मार्चनंतर तळ्यातील पाणी चाखून किंवा तपासून घेतल्याशिवाय पिकाला देऊ नये.

खाडीलगतच्या गावांसाठी राज्य शासनाने २०१७ साली कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. तिच्यात खेकडेपालन, कालवे, पिंजऱ्यातील मत्स्यपालन अशा उद्योगांचा समावेश करण्यात आला. महिला बचत गटांनी आपल्या गावाचा तिच्यात समावेश होतो का, याची चौकशी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे करावी.

बांधाची वही

आता मुख्य मुद्दा. वरील सर्व तंत्र एका शेतकऱ्याने बिनचूक पाळले आणि शेजाऱ्याच्या हद्दीत बांध फुटला, तर दोघांचेही पीक जाते. गोड्या जमिनीत हुशार शेतकरी एकटा पुढे जाऊ शकतो, खारजमिनीत तसे होत नाही. म्हणून प्रत्येक खारीने स्वतःची एक वही ठेवावी, अशी माझी शिफारस आहे. तिला खर्च येत नाही.

• वहीत बांधाची लांबी खुणांनी विभागून लिहावी. प्रत्येक तुकड्यासमोर त्यावर लक्ष ठेवणाऱ्याचे नाव लिहावे.

• खारीतील प्रत्येक खातेदाराचे क्षेत्र लिहून त्या प्रमाणात श्रमाचे दिवस ठरवावेत. उदाहरणार्थ, एकरी वर्षाला दोन दिवस. नोकरीनिमित्त मुंबई-पनवेलला राहणाऱ्यांनी दिवसाच्या मजुरीइतके पैसे द्यावेत. जमीन खंडाने दिली असेल तर काम मालकाचे की कुळाचे, हे लावणीपूर्वीच ठरवून लिहावे.

• उघाडीसाठी एक जबाबदार माणूस नेमावा व त्यास सर्वांनी मिळून सुगीला भात किंवा पैसे द्यावेत. फुकटच्या कामावर कोणी रोज जात नाही.

• प्रत्येक उधाणानंतर पाहणीची तारीख व आढळलेला दोष नोंदवावा. हीच वही पुढे नुकसानभरपाई मागताना किंवा कार्यालयात अर्ज करताना पुरावा म्हणून उपयोगी पडते.

• बायकांना या बैठकीत बोलवावे. लावणी, बेणणी व कापणी त्याच करतात आणि कोणत्या खाचरात भात पिवळा पडतो हे त्यांना आधी कळते.

वर्षभराची कामे थोडक्यात

नोव्हेंबर-डिसेंबर : कापणी, ओल असताना नांगरट.
जानेवारी-फेब्रुवारी : खारीची बैठक, वहीतील कामांची वाटणी, शेततळ्यावर भाजीपाला.
मार्च-एप्रिल : बांधाची मोठी दुरुस्ती, बिळे खणून भरणे.
मे : मातीचे नमुने, उघाडीची झडप साफ व दुरुस्त करणे, गोण्या व मेढी जमवून ठेवणे.
जून : रोपवाटिका, मीठ धुणे.
जुलै : लावणी, नत्राचा पहिला हप्ता.
ऑगस्ट-सप्टेंबर : उरलेले नत्र, उधाणानंतर प्रत्येक वेळी पाहणी.
ऑक्टोबर : फुलोऱ्यानंतर शेतात गोडे पाणी राखणे, कापणीपूर्वी सोडणे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. तळवलीत शिकायचे ते हे की, शेत जाते तेव्हा आधी त्याची उघाडी जाते. गटाराच्या जागी उघाडी होती हे सांगणारा माणूस तिथे अजून भेटतो. आणखी काही वर्षांनी तोही भेटणार नाही. तुमच्या गावात उघाडी अजून उभी आहे. तिची झडप कोणी शेवटची साफ केली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल तर येत्या भांगाच्या ओहोटीला दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन बांधावर एक फेरी मारावी व वहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे.